कोडी सोडवून प्रोग्रामिंग येतं, की फक्त कोडी सोडवता येतात?

खडूफळा

मंडळी,

मी तंत्रनिकेतनात संगणक विभागाला शिकवतो. हल्ली मुलं ओळख करून देतानाच प्रोफाइल पुढे करतात. कोडशेफ आणि लीटकोड, म्हणजे प्रोग्रामिंगची कोडी देणाऱ्या साईट्स, त्यांवरचे तारे, हिरवे चौकोन, "सर, चारशे झाले." कौतुक वाटतं. मग त्यातलाच एखादा प्रश्न थोडा फिरवून फळ्यावर लिहिला की वर्गात कुणी मान वर करत नाही. सोडवलेलं असतं, पण उत्तर शेजारच्या खिडकीत उघडं ठेवून. गाईड समोर ठेवून गणितं केल्यासारखं.

'याचा फायदा होतो का' हा माझा प्रश्न नाही. होतोच, मी स्वतः त्यातूनच शिकलोय. कोणतं कोडं घ्यावं आणि ते सोडवल्यावर पुढे काय करावं, म्हणजे डोक्यात काही उरेल, यावर बोलूया.

माझं मत आधी सांगतो, मग झोडपा. पहिल्या फटक्यात बरोबर आलेलं कोडं फारसं शिकवत नाही. तुमचं बरोबर वाटणारं उत्तर जिथे मोडतं तिथे शिक्षण होतं. उदाहरण म्हणून कोडफोर्सेस या तशाच साईटवरचा कलिंगडाचा प्रश्न घ्या, क्रमांक ४ए. कलिंगडाचं वजन १ ते १०० किलो. त्याचे दोन भाग असे करायचे की दोन्हींचं वजन सम किलो यावं. भाग सारखे असायची अट नाही. होईल की नाही, एवढंच सांगायचं. सगळी पोरं लिहितात, 'सम असेल तर हो'. आणि दोन किलोचं कलिंगड आलं की आपटतात, कारण त्याचे भाग एक-एक किलोचे, दोन्ही विषम. एका ओळीचा प्रोग्राम आहे, पण 'सर्वात लहान उदाहरण तपासलंस का' हे माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा त्या कलिंगडाने जास्त मुलांना शिकवलंय.

त्यानंतर मी १ए देतो. आयताकृती चौक, त्यावर चौरस फरशा बसवायच्या, फरशी कापायची नाही, कमीत कमी किती लागतील? गणित सातवीचं. पण चौकाच्या बाजू १०० कोटींपर्यंत असू शकतात आणि फरशी एक बाय एकची. साध्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार) २१४ कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच आकडा मावतो. नमुन्याचं उत्तर बरोबर येतं आणि नंतरच्या चाचणीत चूक दाखवतं. मग पोरगं "सर, साईट बिघडलीय" म्हणत येतं.

तुमचे अनुभव सांगा. नोकरी करणाऱ्यांनी विशेषतः.

---

अर्धविराम

चांगला धागा. माझ्याकडून एकच सवय सांगतो. प्रश्नाची गोष्ट वाचायच्या आधी तळाशी दिलेल्या मर्यादा, म्हणजे आकडे किती आणि केवढे येऊ शकतात, ते वाचायचं. अर्धं उत्तर तिथेच असतं.

सी++ मध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात असं धरून चाला. पायथनमध्ये त्याहून बऱ्याच कमी. आता मर्यादा '१ लाख आकडे' अशी असेल, तर प्रत्येक आकडा इतर प्रत्येकाशी ताडून पाहणं म्हणजे १,००० कोटी क्रिया. कोड कितीही सुबक असो, वेळ संपणारच. म्हणजे आधी क्रम लावा किंवा हॅश (शोधलेली गोष्ट थेट सापडेल अशी साठवण) वापरा, हे प्रश्न न वाचताच कळलं. मर्यादा २० असेल तर उलटं. वीस गोष्टींचे सगळे गट १० लाख ४८ हजार ५७६, बिनधास्त सगळे तपासा. ५०० असेल तर तीन लूप एकात एक चालतील.

नवी मुलं 'वेळ संपला' असा निकाल आला की कोड घासत बसतात. इथला लूप तिथे कर, व्हेरिएबल काढ. त्याने काही होत नाही. पद्धतच बदलावी लागते.

---

कंपायलरची_सासू

सर, झोडपा म्हणालात म्हणून.

चौदा-पंधरा वर्षं नोकरीत आहे, मुलाखतीही घेते. या सगळ्या साईट्स एक गोष्ट शिकवतच नाहीत. दुसऱ्याने लिहिलेला, अर्धवट समजलेला, कुणी धड कागदावर न मांडलेला कोड वाचायचा कसा? आमच्याकडे प्रश्नाच्या तळाशी मर्यादा लिहिलेल्या नसतात. प्रश्नसुद्धा लिहिलेला नसतो. ग्राहक म्हणतो 'जरा स्लो वाटतंय'. बसा शोधत.

शिवाय साईटवर हिरवी खूण आली की कोड मेला. तो परत कुणी उघडत नाही. त्यामुळे व्हेरिएबलची नावं अ, ब, क. फंक्शन एकच, तेही ऐंशी ओळींचं. अशी मुलं आमच्याकडे आली की पहिलं वर्ष ती खोड मोडण्यात जातं.

अर्धविराम यांचा मर्यादांचा मुद्दा मात्र मान्य. प्रत्यक्षातही 'किती माल येणार आहे' हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि कुणी विचारत नाही.

---

रानभूल

+१ सासूबाई. वाचनखूण साठवली.

---

श्टुटगार्टकर

सासूबाईंशी निम्मा सहमत. उरलेल्या निम्म्यासाठी अॅडव्हेंट ऑफ कोडबद्दल लिहितो, कारण इथे त्याचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

एरिक वास्टल नावाचा माणूस २०१५ पासून दर डिसेंबरला हे चालवतो. रोज एक कोडं, त्याचे दोन भाग. पहिल्याचं उत्तर बरोबर आलं तरच दुसरा भाग दिसतो. तुमचा प्रोग्राम साईटवर चढवायचा नसतोच. प्रत्येकाला वेगळा माल (इनपुट) मिळतो, तुम्ही फक्त शेवटचा आकडा टाकायचा. मग तो पायथनने काढा, एक्सेलने काढा, नाहीतर कागदावर. भारतात रोज सकाळी साडेदहाला कोडं उघडतं. इथे जर्मनीत सकाळी सहाला, म्हणजे डिसेंबरातल्या काळोखात. २०२४ पर्यंत पंचवीस दिवस असायचे, २०२५ मध्ये बारा केले.

यातली गंमत दुसऱ्या भागात आहे. माझं सगळ्यात आवडतं २०२१ चं सहाव्या दिवसाचं, कंदीलमाशांचं.

प्रत्येक माशाच्या पोटात एक घड्याळ. रोज एकाने उतरतं. शून्यावर असलेला मासा दुसऱ्या दिवशी नवं पिल्लू घालतो, त्याचं स्वतःचं घड्याळ ६ वर जातं आणि पिल्लाचं ८ पासून सुरू होतं. नमुन्यात पाच मासे आहेत: ३, ४, ३, १, २. ऐंशी दिवसांनी किती?

सगळे एकच करतात. यादी घ्या, रोज प्रत्येकातून एक वजा करा, शून्य असेल तर शेवटी ८ जोडा. जे सांगितलं तेच लिहिलं. उत्तर ५९३४, बरोबर. मग दुसरा भाग उघडतो आणि तो एका ओळीचा आहे. आता २५६ दिवसांनी किती?

दिवसांची संख्या बदलायची आणि चालवायचं, बस. पंखा फिरायला लागतो, लॅपटॉप तापतो, थोड्या वेळाने सगळं ठप्प. नमुन्याचंच उत्तर आहे २६९८४४५७५३९. म्हणजे २,६९८ कोटी मासे. एका माशाला एकच बाइट दिला तरी सुमारे २७ गिगाबाइट झाले, आणि पायथनची यादी त्याच्या आठपट खाते.

इथे माणूस थांबतो. यादी लहान कशी करू, वेगवान भाषा घेऊ का, मोठं मशीन मिळेल का, असं सगळं मनात येऊन जातं. मग कधीतरी लक्षात येतं की घड्याळ ३ वर असलेला एक मासा आणि घड्याळ ३ वर असलेला दुसरा मासा यांच्यात काहीच फरक नाही. दोघांचं पुढचं आयुष्य तंतोतंत सारखं. मग त्यांना वेगळे ठेवायचेच कशाला? मासे ठेवूच नका, मोजदाद ठेवा. घड्याळ ० ते ८, म्हणून घरं नऊ. प्रत्येक घरात 'इतके मासे' असा एक आकडा. रोज शून्याच्या घरातला आकडा बाजूला काढायचा, बाकी सगळे एकेक घर खाली सरकवायचे, बाजूला काढलेला आकडा सहाच्या घरात मिळवायचा आणि आठच्या घरात ठेवायचा. नऊ आकडे, २५६ वेळा. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर.

सासूबाई, हे ऑफिसात रोज लागतं. माझ्या कामात एक जुना प्रोग्राम एकेक नोंद जपत बसला होता, तिथे गटवार मोजदाद पुरेशी होती. हे मला दिसलं ते माशांमुळे. पुस्तकात 'स्थितीनुसार गट करा' असं वाक्य वाचलं असतं तर मान डोलावून पान उलटलं असतं.

---

अर्धविराम

माशांवर थोडी भर. त्या रोजच्या सरकवण्याचं नऊ बाय नऊचं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, होतं. त्याचा वर्ग केला की दोन दिवसांची उडी, त्याचा वर्ग केला की चार दिवसांची. आठ वेळा वर्ग केला की थेट २५६. दिवस शंभर कोटी दिले तरी तीसएक वर्गांत काम होतं, फक्त उत्तर इतकं अगडबंब येईल की बाकी काढून शेवटचे काही अंकच विचारावे लागतील. हीच युक्ती फिबोनाचीलाही (ज्या मालिकेत प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) चालते. एकदा हाताला लागली की पुढे कितीतरी प्रश्नांत दिसते.

---

निवृत्त_गणिती

तरुण मंडळींत घुसतोय, सांभाळून घ्या. मी नाशिककडचा, शाळेत गणित शिकवत होतो. निवृत्तीनंतर नातीकडून पायथन शिकलो.

हॅकररँक या अशाच साईटवर चाळताना 'मॉडिफाइड काप्रेकर नंबर्स' हा प्रश्न दिसला आणि खुर्चीत सरसावून बसलो. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर, जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला शाळामास्तर. हातात पदवीचं मोठं भेंडोळं नव्हतं, फक्त आकड्यांचा नाद. आणि जगभरची पोरं त्यांच्या नावाचा प्रश्न सोडवतायत.

प्रश्न असा. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५. बेरीज ४५. तसंच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. दिलेल्या दोन आकड्यांच्या मधल्या अशा सगळ्या संख्या छापायच्या.

मला आवडलं ते नावातलं 'मॉडिफाइड'. मूळ कल्पनेत वर्ग कुठेही तोडता येतो. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१. तो २३८ आणि ०४६४१ असा तोडला की बेरीज ४८७९, म्हणजे ही काप्रेकर संख्या झाली. हॅकररँकची अट अशी की मूळ संख्येला जितके अंक, तितकेच उजव्या तुकड्यात घ्यायचे. मग २३८० आणि ४६४१, बेरीज ७०२१. संख्या बाद! नातीला काप्रेकर संख्यांची तयार यादी कुठूनतरी मिळाली होती, तीच तिने छापली. निकाल, चूक. मग आम्ही दोघं प्रश्न शब्दन्‌शब्द वाचायला बसलो. सासूबाई म्हणतात तसं ग्राहकाचं बोलणं नीट ऐकणं थोडं इथेही असावं.

६१७४ चं सगळ्यांना माहीत असेल. नसेल त्यांनी ३५२४ घ्यावा. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा. ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथेच अडकतो. चारही अंक सारखे नसले की कोणताही चार अंकी आकडा जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतो. नवशिक्याला पहिला प्रोग्राम म्हणून हा द्या. लूप, क्रम लावणं, अंक सुटे करणं सगळं येतं. वजाबाकी ९९९ आली तर ०९९९ मधलं सुरुवातीचं शून्य हरवतं, त्यावर मुलं हमखास अडखळतात.

---

खडूफळा

काका, जावा किंवा सी++ मध्ये करणाऱ्याला तिथे आणखी एक खड्डा आहे. ४६३४१ चा वर्ग इंटमध्ये मावत नाही. ४६३४० चा मावतो. म्हणून लहान आकड्यांवर सगळं छान चालतं.

सासूबाई, ही चूक फक्त पोरं करतात असं नाही. बायनरी सर्चमध्ये (क्रम लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधणं) मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, हे बरीच पुस्तकं शिकवत. यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीजच ओसंडते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक नऊएक वर्षं होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर लिहिलं. तो कोड त्यांचाच होता.

---

कंपायलरची_सासू

ते वाचलंय, आणि ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. नऊ वर्षं जगलेला कोड होता म्हणून चूक सापडली. साईटवरचा कोड नऊ मिनिटं जगतो.

---

रात्रपाळी

हे सगळं ठीक, पण आता एआयला प्रश्न चिकटवला की दहा सेकंदांत उत्तर येतं. मग मुलं का डोकं खाजवतील? कोडफोर्सेसने २०२४ मध्ये स्पर्धेत एआय वापरण्यावर नियम आणले. अॅडव्हेंट ऑफ कोडने २०२५ पासून जागतिक क्रमवारीच काढून टाकली. ज्या आकड्यांवर प्रोफाइल सजवायची, ते आकडेच बेभरवशाचे झाले.

---

श्टुटगार्टकर

क्रमवारी गेली ते बरंच झालं. कोडं उघडल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत पहिला भाग टाकणारे लोक होते तिथे. आपला त्याच्याशी काय संबंध? प्रोजेक्ट ऑयलर २००१ पासून आहे. तिथे उत्तर म्हणजे नुसता एक आकडा, आणि तो नेटवर शोधला तर मिळतोही. तरी लोक वर्षानुवर्षं सोडवतायत. फसवायचं कुणाला, स्वतःलाच. त्यांचा तो 'एका मिनिटाचा नियम' मला आवडतो. प्रोग्रामला मिनिटाहून जास्त लागत असेल तर तुमची पद्धत सुधारायला वाव आहे, मशीनला दोष देऊ नका.

---

खडूफळा

रात्रपाळी, पाटी कोरी करून सांगतो. मी एआयला बंदी घालत नाही, कारण ती पाळली जात नाही. पण सासूबाई आणि श्टुटगार्टकर यांचं वाचून एक सुचलंय. अॅडव्हेंटचा पहिला भाग प्रत्येकाने स्वतः लिहायचा. मग कोडची अदलाबदल. दुसरा भाग शेजाऱ्याच्या कोडमध्ये बसवायचा, स्वतःच्या नाही, आणि नव्याने लिहायला मनाई. म्हणजे अ, ब, क नावांचा त्रास ज्याचा त्याला कळेल. ज्याचा कोड शेजाऱ्याला समजलाच नाही, त्याचे मार्क कापायचे.

---

कंपायलरची_सासू

हे आवडलं. मार्क कापायचं तर फारच आवडलं. फक्त कोडशिवाय काहीही बोलायला बंदी घाला. आमच्याकडे मूळ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो.

---

लातूरी_पोरगं

नमस्कार. दुसऱ्या वर्षाला आहे, डिप्लोमा. सगळ्यांचं वाचलं. माझी अडचण वेगळी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रश्नाची इंग्रजी गोष्टच एवढी लांब असते की कळेपर्यंत दमतो. कोडशेफचा पूजाचा एटीएमवाला जमला, कारण तो छोटा होता. मोठे असले की सोडून देतो. काय करू?

---

अर्धविराम

गोष्ट शेवटी वाच. आधी नमुन्याचा माल आणि नमुन्याचं उत्तर वहीत उतरव आणि 'याचं हे कसं झालं असेल' ते ओळखायचा प्रयत्न कर. अंदाज बांधून मग गोष्ट वाचलीस की निम्मं इंग्रजी आपोआप कळतं. ही भाषा ठरावीक असते. तेच वीस-पंचवीस शब्द परत परत येतात. शेजारी वहीत मराठीत लिहून ठेव.

आणि पूजाचा प्रश्न साधा समजू नकोस. तिला एटीएममधून काढायची रक्कम पाचच्या पटीत हवी आणि पन्नास सेंटचं शुल्क धरूनही खात्यात पुरायला हवी. तो अर्धा डॉलर विसरणारे बरेच असतात.

---

निवृत्त_गणिती

बाळा, एक्सरसिझम नावाची साईट आहे, फुकट. तिथे प्रश्न लहान असतात आणि माणसं तुझा कोड वाचून सूचना देतात, तेही फुकट. माझ्या पायथनला कुणीतरी परदेशातून 'हे चार ओळींत होईल' असं नम्रपणे लिहिलं होतं. झालंही.

---

लातूरी_पोरगं

धन्यवाद सर, काका. जावामध्ये मासे करून पाहिले, नऊ घरांच्या पद्धतीने. पण १८ दिवसांना २६ यायला हवेत असं प्रश्नात दिलंय आणि माझे कमी येतात. कोड दहा वेळा वाचला. चूक दिसत नाही.

---

श्टुटगार्टकर

कोड वाचू नकोस, मासे मोज. प्रश्नात रोजची यादी दिलेली आहे. पहिल्या चार दिवसांची बेरीज ५, ६, ७, ९ अशी आहे. तुझी काय येते?

---

लातूरी_पोरगं

५, ६, ७, ८.

---

श्टुटगार्टकर

म्हणजे चौथ्या दिवशी एक मासा गायब झाला. तिसऱ्या दिवशी सातच्या घरात कोण होतं आणि चौथ्या दिवशी ते कुठे जायला हवं ते बघ. उत्तर सांगत नाही.

---

लातूरी_पोरगं

सापडलं! सातमधून एक मासा सहाच्या घरात उतरत होता आणि मी त्यावरच शून्यवाल्यांचा आकडा लिहीत होतो. मिळवायचा होता. आता १८ ला २६ आणि ८० ला ५९३४. पण २५६ ला १२१४६५३७६३ येतंय. वर तुम्ही दिलेलं उत्तर वेगळं आहे.

---

खडूफळा

आकडा कुठे साठवतोयस? माझी फरशीवाली पोस्ट परत वाच.

---

अर्धविराम

इंटमध्ये मावेनासा झाला की आकडा गोल फिरून परत येतो. सहा वेळा चक्कर मारून आलाय तो. २५६ ला उणे तरी आला असता तर लगेच कळलं असतं, नेमका अधिक आला.

---

लातूरी_पोरगं

इंट होता सर. लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) केला. २६९८४४५७५३९. आता ते मॅट्रिक्सचं कुठून वाचू?